नंबर प्लेट नसलेल्या गाडीचा विमा

आमच्या दारात गोल्फ कार्ट उभी आहे, आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी गोल्फ खेळलेलं नाही. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांची ने-आण करायला असते ना, पांढरी, छपराची, आवाज न करणारी गाडी, तीच. विकत घ्यायला एक दुपार पुरली. तिचा विमा उतरवून ती चालवायला मात्र चौऱ्याऐंशी दिवस लागले. मध्ये तीनदा तरी वाटलं की विकून टाकावी. त्या दिवसांत मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतंय का म्हणून मी फार शोधलं होतं, म्हणून आता जमेल तसं तारीखवार लिहून ठेवते. आकडे माझ्या फायलीतले आहेत, तुमचे वेगळे येतील.

सुरुवात बाबांपासून. जून २०२४ मध्ये ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वय अठ्ठ्याहत्तर. सप्टेंबरपर्यंत वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले, पण लिफ्टने खाली उतरल्यावर पुढे काय? घोडबंदर रोडवरचं आमचं संकुल येऊरच्या डोंगराकडे चढत गेलेलं आहे. आमची इमारत अगदी वरच्या टोकाला, आणि देऊळ, बाग, ज्येष्ठांचा कट्टा, दवाखाना हे सगळं खाली. अंतर साडेसहाशे मीटर असेल, पण उतार असा की व्हीलचेअर खाली नेताना मागे खेचून धरावी लागते आणि वर आणायला दोन माणसं लागतात. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येत नाही, आणि आला तरी बाबांचा पाय तेवढा दुमडत नाही. ते गॅलरीत बसून खालच्या कट्ट्यावर कोण आलं, कोण नाही, हे मोजायला लागले तेव्हा आई म्हणाली, "याचं काहीतरी करायला हवं गं."

नवऱ्याचा एक मित्र कर्जतजवळच्या रिसॉर्टमध्ये मेंटेनन्स बघतो. तिथे जुन्या कार्ट काढत होते. चार सीटची, २०१९ ची, ४८ व्होल्टची एक गाडी १,६५,००० रुपयांना ठरली. बॅटऱ्या मेल्या होत्या. आठ व्होल्टच्या सहा नव्या घातल्या, त्याचे ७२,०००. टेम्पोचं भाडं ६,५००. शनिवारी, ९ नोव्हेंबरला, टेम्पो गेटवर आला आणि सिक्युरिटीने अडवला.

"मॅडम, गाडीचा नंबर?"

"नंबर नसतो याला."

रजिस्टरमध्ये गाडी क्रमांकाचा रकाना आहे, तो भरल्याशिवाय त्याला पुढे जाता येईना. शेवटी त्याने त्या रकान्यात 'नंबर नाही' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. पुढचे तीन महिने मला जे ऐकायचं होतं, ते त्या पोराने पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. गाडी व्हिजिटर पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली.

१७ तारखेच्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. एका सभासदाचं म्हणणं, ताशी पंचवीसच्या आत चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला काहीच लागत नाही. हे मी नंतर इतक्यांकडून ऐकलं की इथेच सांगते: ती सवलत छोट्या ई-बाइकसारख्या वाहनांपुरती आहे. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मोटरही २५० वॉटच्या आत, दोन्ही असावं लागतं. आमच्या कार्टची मोटर तीन किलोवॉटची, म्हणजे बारा पट. दुसऱ्या सभासदाला वेगळीच काळजी: उतारावर ब्रेक लागला नाही आणि खाली खेळणाऱ्या मुलांमध्ये गाडी शिरली तर? हा प्रश्न ऐकताना मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या अख्ख्या मीटिंगमध्ये कामाचं बोललेला तोच एक माणूस होता.

१९ तारखेला पत्र हातात पडलं. तीन अटी: वैध विमा पॉलिसी, लायसन्स असलेला चालक, आणि काही झाल्यास जबाबदारी आमची असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. तिन्ही अटी मला रास्त वाटल्या. विमा म्हणजे काय, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. बाबांना मतदान करून आणलं आणि लॅपटॉप उघडला. कुठल्याही कंपनीच्या मोटार विम्याच्या पानावर पहिली चौकट गाडीच्या नंबरची. 'नवीन गाडी, नंबर अजून नाही' असा पर्याय निवडला की मेक आणि मॉडेलची यादी येते, त्यात आमची गाडी नाही. जवळपास दिसणारी एखादी छोटी इलेक्ट्रिक कार निवडून पुढे जावं असं एक क्षण मनात आलं. तसं करू नका. पॉलिसी निघेलही, पण चुकीच्या माहितीवर घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी कागदाचा तुकडा असते. मी तीन कॉल सेंटरना फोन केले. तिन्हीकडे पहिला प्रश्न "मॅडम, व्हेइकल नंबर?" आणि तिसरीकडे तर मी काही बोलायच्या आत, "नंबर मिळाल्यावर कॉल करा, हॅव अ नाइस डे."

म्हणून २५ नोव्हेंबरला नंबर मिळतो का बघायला आरटीओ गाठलं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फॉर्म २१, २२ आहेत का?" नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर करायचा, त्याला विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ जोडायचा. २२ म्हणजे ही गाडी रस्त्यावर चालवण्याच्या नियमांत बसते असं बनवणाऱ्यानेच लिहून द्यायचं. गोल्फ कार्ट मुळात रस्त्यासाठी बनवलेलीच नाही, तर तो कागद येणार कुठून? माझ्याकडे रिसॉर्टचं बिल तेवढं होतं. बाई म्हणाल्या, "आत चालवणार ना? मग आमच्याकडे कशाला आलात?"

वाक्य तुटक होतं, पण बरोबर होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मध्ये, २८ व्या व्याख्येत लिहिलंय की फक्त कारखान्यात किंवा तशाच बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. मोटार वाहन नाही, म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही, म्हणून मोटार विमा नाही. रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) कायद्यानेच सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. ३० किलोवॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक कारला तेव्हा वर्षाला १,७८० रुपये होते, वर जीएसटी. आमच्या गाडीला सक्तीही नाही आणि तो दरही नाही. मला मात्र सोसायटीला दाखवायला पॉलिसी हवी होती, आणि खरं सांगायचं तर त्या खेळणाऱ्या मुलांचं ऐकल्यापासून मला स्वतःलाही ती हवी होती.

मग नौपाड्यातले आमचे विम्याचे काका. बाबांच्या स्कूटरपासून सगळे विमे त्यांच्याकडून. २८ तारखेला त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला, गाडीचे फोटो दोनदा मोठे करून बघितले आणि म्हणाले, "हे बघ, चाळीस वर्षांत असलं काही आलेलं नाही. पण सोडायचं नाही आपण."

आठवड्याने त्यांनी उत्साहाने एक माहितीपत्रक पाठवलं. 'गोल्फर्स पॉलिसी'. गोल्फच्या काठ्या हरवल्या तर भरपाई, तुमचा चेंडू लागून कोणी जखमी झालं तर भरपाई, आणि तुम्ही 'होल इन वन' मारलात, म्हणजे एका फटक्यात चेंडू खळग्यात घातलात, तर मित्रांना द्याव्या लागणाऱ्या पार्टीचा खर्च. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते खळखळून हसले, आणि मग कितीतरी दिवस वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत न थांबता पोचले की "होल इन वन!" असं ओरडायचे. गाडीबद्दल त्या पॉलिसीत अवाक्षर नव्हतं.

त्यानंतर घराच्या विम्यात ती बसवता येते का ते बघितलं. आमच्या फ्लॅटची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना ही एकाच मसुद्याची पॉलिसी देणं सक्तीचं झालं. त्यात घरातलं सामान येतं, पण वगळलेल्या वस्तूंच्या यादीत दागदागिन्यांच्या सुट्या खड्यांच्या आणि नाण्यांच्या ओळीत 'वाहने' हा शब्द आहे. काकांनी दुसरी, जुन्या पद्धतीची हाउसहोल्डर्स पॅकेज पॉलिसी काढली. त्यात सायकलीसाठी चक्क वेगळा विभाग होता, आणि तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटीचाही. मला वाटलं, सापडलं. तेव्हा काकांनी लाकडी फूटपट्टी घेतली, बारीक अक्षरातल्या ओळींखाली धरली आणि एक-एक ओळ खाली सरकवत गेले. सहाव्या का सातव्या ओळीला पट्टी थांबली: यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कोणत्याही वाहनाच्या मालकीतून किंवा वापरातून उद्भवणारी जबाबदारी वगळून. ती पट्टी मी तेव्हापासून वापरते. डोळे पुढे पळतात, पट्टी पळू देत नाही. आणि पॉलिसी वाचायची तर 'काय मिळणार नाही' या भागापासून वाचायची, पहिल्या पानावरच्या हसऱ्या कुटुंबापासून नाही.

उत्तर आलं ते अगदी अनपेक्षित दारातून. काकांच्या ओळखीच्या एका अंडररायटरने, म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि कितीला हे ठरवणाऱ्या कंपनीतल्या माणसाने, सांगितलं, ही गाडी नाहीच, हे यंत्र आहे. फोर्कलिफ्टला, क्रेनला जो विमा देतात, त्यात घालू. त्याचं नाव कॉन्ट्रॅक्टर्स प्लँट अँड मशिनरी, बोलताना सगळे सीपीएम म्हणतात. नंबर नसलेली, एखाद्या आवारातच फिरणारी यंत्रं यात येतात. त्याला थर्ड पार्टी जबाबदारीची जोड घेता येते. काका म्हणाले, "तुझ्या बाबांना जेसीबीच्या रांगेत उभं करतोय."

१२ डिसेंबरला प्रपोजल फॉर्म आला, तो खरोखर जेसीबीचाच होता. कामाचं स्वरूप काय, साइटवर स्फोटकं वापरणार का, पाण्याजवळ काम आहे का. 'यंत्र जमिनीखाली काम करणार आहे का?' या प्रश्नाला मी सरळ 'नाही' लिहिलं आणि रात्री झोपताना आठवलं की वरच्या इमारतींमधून बागेकडे जायचा सोपा रस्ता बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवरून आहे! बेसमेंट जमिनीखालीच ना? सीपीएममध्ये भूमिगत काम वेगळं कबूल करून घेतल्याशिवाय धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंडररायटरना फोन केला.

"मॅडम, बोगदा खणताय का?"

"नाही हो सर, पार्किंगमधून जाणार फक्त."

"मग ते अंडरग्राउंड काम नाही."

"हेच मेलवर लिहून द्याल?"

थोडा वेळ शांतता. पण त्यांनी लिहून दिलं, दोन ओळींचा मेल. अख्ख्या फायलीत मला तो कागद सगळ्यात मोलाचा वाटतो. फोनवर मिळालेलं 'हो' क्लेमच्या दिवशी कोणाला आठवत नसतं.

त्यांनी मागितलेले कागद असे: खरेदीचं बिल, बॅटऱ्यांचं बिल, चारही बाजूंनी फोटो, सीटखालच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन (३,५०० रुपये), चार्जिंगची जागा कुठे, तिथे आग विझवायचं सिलिंडर आहे का (नव्हतं, १,४५० ला आणलं), आणि गाडी जिथे फिरणार त्या आवाराचा नकाशा, मार्ग रंगवून. चार्जिंगबद्दल ते फार बारकाईने विचारत होते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे कोंदट जागा चालत नाही. बेसमेंटमधल्या आमच्या पार्किंगऐवजी पोडियमवरची मोकळी जागा सोसायटीकडून मागून घ्यावी लागली. पावसाळ्यात ठाण्यातल्या बेसमेंटचं काय होतं ते माहीत असल्याने मला ते बरंच वाटलं.

राहिला नकाशा. सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटातून मंजूर आराखड्याची घडी काढली, टेबलावर पसरली, लाल पेनने आमच्या लॉबीपासून निघाले. रॅम्प, बाग, देऊळ, कट्टा, आणि तिथून समोर दवाखाना. पेन मध्येच थांबलं. देवळाच्या फाटकाच्या आणि दवाखान्याच्या मधल्या रस्त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: '१८ मी. रुंद डी. पी. रस्ता'. डी. पी. म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला.

आम्ही अकरा वर्षं त्या रस्त्याला आपलाच समजतो. दोन्ही बाजूंना आमच्याच इमारती, आमचाच वॉचमन खुर्ची टाकून बसतो, दिवाळीत कंदील आमचे. २३ डिसेंबरला पाचपाखाडीला महापालिकेत जाऊन शहर विकास विभागात विचारलं. रस्ता केव्हाच पालिकेकडे हस्तांतरित झालाय. म्हणजे सार्वजनिक. त्या अठरा मीटरमध्ये आमची गाडी 'बंदिस्त आवारातलं यंत्र' राहत नाही, ती होते विनानोंदणी, विनाविम्याची मोटार. तिथे कोणाला धक्का लागला तर कंपनी हात वर करणार, आणि तिचं बरोबरच असणार. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कोण बघतंय गं?" धक्का लागल्यावर सगळेच बघतात, असं मी तेव्हा जरा चढ्या आवाजात बोलले. रात्री वाईट वाटलं. तिला दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांना न्यायचं होतं, एवढंच.

तुम्ही असं काही घेणार असाल तर सगळ्यात आधी हा नकाशा बघा, गाडी बघायला नंतर जा. संकुलाच्या आतले रस्ते कोणाच्या नावावर आहेत यावर बाकी सगळं अवलंबून आहे. शिवाय कायद्यातली 'सार्वजनिक जागा' बरीच ऐसपैस आहे. लोकांना जिथे जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते, तिला डांबर असो वा नसो. आमच्या आतल्या रस्त्यांना फाटक आहे, नोंद करूनच माणूस आत येतो, हे सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून घेऊन मी नकाशाला जोडलं.

या सगळ्यात आईचं लायसन्सही करायचं होतं, कारण दिवसा गाडी तीच चालवणार. एकेकाळी मारुती ८०० घेऊन डोंबिवली-नाशिक करणारी बाई, पण लायसन्स २०२१ मध्ये संपलेलं. संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. फॉर्म १ए वर डॉक्टरचं सर्टिफिकेट (३०० रुपये), ऑनलाइन अर्ज, अपॉइंटमेंट. १८ डिसेंबरला अडुसष्टाव्या वर्षी ती ट्रॅकवर उतरली, तिच्या पुढे-मागे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. गाडी बंद न पाडता उतरली आणि इन्स्पेक्टरलाच म्हणाली, "तुमच्या चढावर खड्डा पडलाय बरं का."

कागद २४ डिसेंबरला गेले. ७ जानेवारीला कंपनीचा माणूस तपासणीला आला. उतारावर ब्रेक लावून बघितला, हँडब्रेकवर गाडी तशीच सोडून पाच मिनिटं चहा प्यायला आणि मग टायरजवळ मारलेली खडूची खूण बघितली. हलली नव्हती. मग पुन्हा शांतता, तेरा दिवस. या काळात मी रोज मेल उघडायचे आणि बाबा रोज विचारायचे नाहीत. ते जास्त त्रासाचं होतं.

२० जानेवारीला कोटेशन आलं, आणि खरी निवड तिथे सुरू झाली.

पहिला प्रश्न किती रकमेचा विमा. आमचे खर्च झालेले १,६५,००० अधिक ७२,०००, म्हणजे २,३७,०००. मी तेवढ्याचाच मागितला होता. अंडररायटर म्हणाले, यात नव्या यंत्राची आजची किंमत धरतात. तशीच नवी गाडी वाहतुकीसकट ४,८०,००० ला पडते. जुन्या गाडीचा विमा नव्याच्या किमतीने काढायचा हे मला सरळ फसवणूक वाटली. काकांनी पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. समजा पुढचा ॲक्सल वाकला आणि ४०,००० चं बिल झालं. सुटा भाग नव्याच्याच भावाने येतो, तो जुना मिळत नाही. तू विमा काढलास निम्म्याहून कमी रकमेचा, म्हणून कंपनी बिलही त्याच प्रमाणात देणार: १९,७५०. त्यातून पहिले ५,००० तुझे. हातात १४,७५०. पूर्ण ४,८०,००० ला काढलास तर ३५,०००. उलट बाजूही त्यांनीच सांगितली, की गाडी पूर्ण जळाली किंवा चोरीला गेली तर ४,८०,००० मिळणार नाहीत, त्या दिवशीची तिची बाजारातली किंमतच मिळेल. मी पूर्ण रकमेचा घेतला. पटलं, तरी अजूनही थोडं टोचतं.

दुसरी गोष्ट बॅटऱ्यांची. टायर, वायरी, बॅटरी हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले, आणि आतला यांत्रिक किंवा विजेचा बिघाडही नाही. म्हणजे या गाडीत जे सगळ्यात आधी जाणार आणि सगळ्यात महाग पडणार, त्याला विमा नाहीच. त्यावर उपाय कंपनीकडे नव्हता. आई दर पंधरा दिवसांनी सहाही बॅटऱ्यांची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघते आणि किराण्याच्या वहीत तारीख टाकते.

तिसरी, थर्ड पार्टीची मर्यादा. दोन, पाच किंवा दहा लाख. फरक काही शेकड्यांचा. मी दहा घेतली. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलंच होती, आणि इथे पैसे वाचवायचे नाहीत हे मी पहिल्या मीटिंगनंतरच ठरवलं होतं.

आणि चौथी, जी माझ्याकडून सुटलीच असती. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. गाडीतच बसलेले घरचे त्यात येत नाहीत. ज्यांच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं ते बाबाच या विम्याच्या बाहेर! त्यांच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा शोधला. मी विचारलेल्या तिन्ही कंपन्यांनी वय ऐकून नाही म्हटलं. त्यांची जुनी आरोग्य पॉलिसी अपघाताच्या हॉस्पिटल खर्चाला लागू आहे हे पॉलिसीत बघून खात्री केली आणि तिथे थांबले. आईसाठी पाच लाखांचा मिळाला. शिवाय तिच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला वीस रुपये जातात, त्याचे दोन लाख वेगळे. ही योजना सत्तरीपर्यंतच आहे. वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना ते बघा.

एकूण हप्ता: गाडीचे ५,२८०, थर्ड पार्टीचे २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३१०. झाले ८,५९०. रस्त्यावर धावणाऱ्या इलेक्ट्रिक कारच्या थर्ड पार्टीच्या चौपट, आणि हिला तर रस्ताच नाही. २२ तारखेला भरले, दुसऱ्या दिवशी पॉलिसी मेलवर आली. मी पट्टी काढली. विम्याचं ठिकाण म्हणून आमच्या संकुलाऐवजी मला गाडी विकणाऱ्या रिसॉर्टचा पत्ता होता, बिलावरून उचललेला. पॉलिसी खरी, पैसे खरे, फक्त गाडी कर्जतला फिरली तर! दुरुस्तीच्या एन्डोर्समेंटला आणखी आठवडा गेला, ३० तारखेला ती आली. हमीपत्र तोवर तयार होतं. स्टॅम्पपेपर पाचशेचा, कारण शंभराचा आदल्या ऑक्टोबरात बंद झाला. ३१ जानेवारीला संध्याकाळी सेक्रेटरींनी परवानगीच्या पत्रावर सही केली. गेटवरच्या रजिस्टरच्या रकान्यात आता पॉलिसी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहितात.

दुसऱ्या दिवशी माघी गणेश जयंती होती. देवळात आरतीची वेळ, आई स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागे मी व्हीलचेअर घडी करून मांडीवर घेतलेली. रॅम्पवर ती इतक्या सावकाश उतरली की मागून एक सायकलवाला मुलगा कंटाळून पुढे गेला. कट्ट्यावरची मंडळी उभी राहिली. कोणीतरी शिट्टी वाजवली. बाबांनी हात वर केला, एखाद्या मंत्र्यासारखा, आणि मग त्यांना तो लवकर खाली घेता येईना.

मार्चमध्ये आईने रिव्हर्स घेताना एका स्कूटरचा आरसा तोडला. ६५० रुपये दिले, माफी मागितली. पहिले पाच हजार आपलेच असल्याने क्लेमचा प्रश्नच नव्हता. काकांना तेवढं मेलने कळवून ठेवलं.

देवळाच्या फाटकाशी, पालिकेचा रस्ता सुरू होतो तिथे, सोसायटीने माझ्या विनंतीवरून पिवळा पट्टा मारलाय. दवाखान्यात जायचं असेल तेव्हा पट्ट्याच्या अलीकडे गाडी थांबते, व्हीलचेअर उघडते आणि ते अठरा मीटर आम्ही ढकलत जातो. एरवी आई पट्ट्याजवळ हँडब्रेक ओढते, किल्ली पर्समध्ये टाकते आणि पलीकडच्या भाजीवालीला हाक मारते. ती दोन्हीकडे बघत रस्ता ओलांडून मेथीच्या जुड्या घेऊन येते. बाबा सीटवर बसूनच जुडी उलटी करतात, मुळांची माती झटकतात, आणि भाव करायला सुरुवात करतात.